दुसऱ्याच्या पानावरचं बटण

अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत, सीप्झच्या आसपास, कुठल्याही मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीचा कोड उघडून पाहा. तारीख निवडायची तीच चौकट, तोच ड्रॉपडाऊन, तेच ‘जतन करा’चं बटण प्रत्येक प्रोजेक्टमध्ये नव्याने लिहिलेलं सापडेल. आमच्याकडेही तेच चालायचं. नवं काम आलं की जुन्या कामातलं ‘कॉमन’ नावाचं फोल्डर उचलायचं, नव्यात टाकायचं आणि कामाला लागायचं. एका ठिकाणी काढलेला बग दुसरीकडे सुखाने नांदत असायचा. मग कुणीतरी वैतागायचं, “अरे, हे आपण मागच्याच वर्षी फिक्स केलं होतं ना?” केलं होतं, पण दुसऱ्या फोल्डरमध्ये.

मी फ्रंट-एंडमध्ये आले ते जेक्वेरीचे दिवस. २००६ साली आलेली ती लायब्ररी तोवर सगळीकडे पसरली होती. २०११ मध्ये बूटस्ट्रॅप आलं आणि एकमेकांशी काही संबंध नसलेल्या वेबसाइटी सख्ख्या भावंडांसारख्या दिसायला लागल्या. २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट, २०१४ मध्ये व्ह्यू. आम्ही या सगळ्या वाटांनी थोडं थोडं चाललो, त्यामुळे ऑफिसात एक प्रोजेक्ट अँग्युलरमध्ये, चार रिअ‍ॅक्टमध्ये आणि कुणा उत्साही मुलाच्या हट्टापायी एक व्ह्यूमध्ये, असा संसार होता. आपलीच एक लायब्ररी काढू, सगळे तीच वापरतील, हा विचार अशा कंपनीत कुणाला ना कुणाला सुचतोच. आमच्याकडे तो मी बोलून दाखवला आणि अर्थातच माझ्याच गळ्यात पडला.

पहिले काही महिने आम्ही फक्त जमवाजमव केली. नियम एकच ठेवला: तीन वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्ये प्रत्यक्ष लागलेली वस्तूच लायब्ररीत येईल. ‘पुढे लागेल’ म्हणून काही यायचं नाही. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ‘रिफॅक्टरिंग’ पुस्तकातही हा तीनचा नियम आहे, पण आमचा आला तो वैतागातून. पहिल्यांदा लिहिताना ती वस्तू काय आहे हेच कळत नसतं. दुसऱ्यांदा लिहिताना कळल्यासारखं वाटतं, आणि ते जास्त घातक. तिसऱ्या वेळी, तिसऱ्या क्लायंटच्या विचित्र मागणीनंतर, कुठला भाग खरोखर समान आहे आणि कुठला नुसता सारखा दिसतो ते उमगतं. शाळेच्या फी भरायच्या फॉर्ममधली तारखेची चौकट आणि मालवाहतूकवाल्यांच्या गाडी सुटायच्या वेळेची चौकट दिसायला जुळ्या होत्या. आत डोकावलं तर एकीला शैक्षणिक वर्षाचं भान हवं होतं आणि दुसरीला रात्री बारानंतर तारीख बदलून चालणार नव्हतं. त्या दोन्ही आम्ही वेगळ्याच ठेवल्या, आणि तो निर्णय आजही मला आवडतो.

त्याच काळात मी मुलुंडहून येता-जाता दुसऱ्यांचा कोड वाचायची सवय लावून घेतली. जून २०१४ मध्ये घाटकोपर–वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून आम्हा मध्य रेल्वेवाल्यांचं अंधेरीला येणं सुसह्य झालं होतं. त्याआधी दादरला जाऊन उलटं यायचं, नाहीतर जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडवर बसमध्ये बसून राहायचं. वाचण्यासाठी चांगलं उदाहरणही वाटेशेजारीच होतं. घाटकोपरच्या शेजारचं स्टेशन विद्याविहार, आणि तिथली फ्रॅपे टेक्नॉलॉजीज ही रुशभ मेहता यांनी उभी केलेली कंपनी. ईआरपीनेक्स्ट हे त्यांचं सॉफ्टवेअर पूर्ण खुलं, आणि ज्या फ्रेमवर्कवर ते उभं आहे तेही खुलं. २०१७ मध्ये त्यांनी आपल्याच कामातून आलेखांची लायब्ररी वेगळी काढून ‘फ्रॅपे चार्ट्स’ म्हणून प्रसिद्ध केली. दुसऱ्या कुठल्याही पॅकेजवर ती अवलंबून नाही. पुढे व्ह्यूवर बेतलेला कंपोनंटचा संच आला, ‘फ्रॅपे यूआय’. त्यांचा कोड वाचताना मला चलाखीपेक्षा काटछाट जास्त दिसली. आपल्या स्वतःच्या प्रॉडक्टला लागतं तेवढंच ठेवलेलं. सर्व्हिस कंपनीला असं वागणं अवघड जातं, कारण आमचं प्रॉडक्ट दर सहा महिन्यांनी बदलतं.

आमची लायब्ररी इतरांपेक्षा वेगळी झाली ती बोरिवली पश्चिमेच्या एका पतसंस्थेमुळे. त्यांच्यासाठी केलेला सगळा फॉर्म मराठीत होता. डेमोच्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी सभासदाचं नाव टाकलं, पत्ता टाकला, मोबाईल नंबर टाकला. मराठी कीबोर्ड चालूच होता, त्यामुळे आकडेही मराठी उमटले. लाल अक्षरात संदेश आला: ‘कृपया योग्य मोबाईल क्रमांक टाका.’ बाईंनी चष्मा वर केला, कागदावरचा नंबर बोट ठेवून पुन्हा वाचला, पुन्हा टाकला. पुन्हा लाल.

“मॅडम, नंबर बरोबर आहे. मी दोनदा बघितला. तुमच्या फॉर्मला मराठी येत नाही का?”

येत नव्हतं. जावास्क्रिप्टमध्ये ‘आकडा’ तपासायची जी नेहमीची खूण आहे ती फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखते. देवनागरी आकडे तिच्या लेखी आकडेच नव्हेत. आम्ही वापरत होतो त्या परदेशी कंपोनंट लायब्ररीतही हीच तपासणी होती, आणि ती लिहिणाऱ्याला दोष कसा देणार? त्याच्या गावात हा प्रश्नच नाही.

त्यानंतर मी एक वही केली. मराठी पानावर काय काय मोडतं त्याची. ‘क्षितिज’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा. ब्राउझर मात्र त्याचे सात तुकडे मोजतो, म्हणजे वीस अक्षरांची मर्यादा घातलेल्या रकान्यात मराठी माणसाचं नाव निम्म्यातच अडकतं. नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवायची फॅशन आहे. ज्ञानेश्वर नावाच्या माणसाच्या गोलात नुसता ‘ज’ यायचा, श्रीकांतच्या गोलात ‘श’. डिझायनर इंग्रजी बटणांवर अक्षरांमध्ये थोडी हवा सोडतात, तीच सेटिंग मराठीला लावली की शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत तुटते. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने बेतलेली असली की वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात, आणि ‘पूर्ती’चं काय होतं ते न बघितलेलं बरं.

सगळ्यात चिवट निघाला तो अर्धा र. पतसंस्थेत कुऱ्हाडे आडनावाचे सभासद होते. काही सापडायचे, काही सापडायचे नाहीत. पडद्यावर नावं हुबेहूब सारखी. शेवटी मी दोन्ही नावांचे कोड एकाखाली एक छापून काढले. एकात नुक्तावाल्या ‘ऱ’ला हलंत लावलेला, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलंत आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडखिळा. युनिकोडमध्ये दोन्ही रीती चालतात, जुन्या आणि नव्या कीबोर्डांतून दोन्ही येतात, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण लावलं तरी त्या एक होत नाहीत. पडद्यावर एकच कुऱ्हाडे, संगणकाच्या हिशेबी दोन घराणी. शोधण्याआधी दोन्ही एका रूपात आणायचं सात-आठ ओळींचं फंक्शन लिहिलं. आमच्या लायब्ररीत आजवर सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं फंक्शन ते आहे. दिसायला काहीच नाही, डेमोत दाखवता येत नाही, आणि कुठल्याही बटणापेक्षा उपयोगी.

या वहीमुळेच लायब्ररीची रचना ठरली. तोवर आमचा वाद चालला होता की रिअ‍ॅक्टमध्ये लिहायचं की कुठल्याच फ्रेमवर्कचं नसलेलं. वही समोर आल्यावर तो वाद निवला. आकडे, अक्षरं, शोध, लाख-कोटींचे स्वल्पविराम यांचा रिअ‍ॅक्टशी काय संबंध? मग तीन पॅकेजं केली. तळाशी भाषेचं, ज्याला कशाचाच आधार लागत नाही. त्यावर रंग, मापं आणि ओळींच्या उंचीचं, शुद्ध सीएसएसमध्ये. सगळ्यात वर रिअ‍ॅक्टचे कंपोनंट. वरचा थर आम्ही त्यानंतर जवळजवळ नव्याने लिहिला. तळाच्याला फारसा हात लागलेला नाही. फाँटचं एक बरं झालं. विंडोजबरोबर येणारा, र. कृ. जोशींनी आखलेला ‘मंगल’ होताच, आणि मुंबईच्याच ‘एक टाइप’ने काढलेला ‘मुक्त’ खुल्या परवान्यात मिळत होता. दोन्हींवर तपासल्याशिवाय कुठलंही माप पक्कं करायचं नाही असं ठरलं.

मराठी आकड्यांबद्दल मात्र मी ठाम मत बाळगणं सोडून दिलं. ब्राउझरला मराठी म्हणून सांगितलं तर तो आपणहून १२,३४,५६७ असं लिहितो, लाखाचा स्वल्पविरामही योग्य जागी. मला वाटलं, वा! पतसंस्थेच्या हिशेबनीसांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, नावं मराठीत ठेवा, रकमा इंग्रजी आकड्यांत द्या, ऑडिटर वाचत नाहीत. शाळेला नेमकं उलटं हवं होतं. मग ती एक सेटिंग झाली, पण सगळ्या पानांसाठी एकच. प्रत्येक रकान्याला वेगळी निवड द्यायची मागणी आली ती मी नाकारली.

हा नाकारण्याचा भाग कुणी शिकवत नाही. सुरुवातीला आमच्या बटणाला दोन पर्याय होते: मोठं की लहान, मुख्य की दुय्यम. मग एका टीमला डावीकडे चिन्ह हवं झालं. दुसरीला उजवीकडे. तिसरीला बटणात दोन ओळी, खालची बारीक, त्यात रक्कम. चौथीला चिन्ह डावीकडे पण मोबाईलवर वर. प्रत्येक मागणी रास्त, प्रत्येक माणूस ओळखीचा, रोज कँटीनमध्ये भेटणारा. एक दिवस मी बटणाची फाईल उघडली आणि कुठला पर्याय कुठल्यावर कुरघोडी करतो ते मलाच सांगता येईना. आम्ही ते सगळे पर्याय काढून टाकले आणि बटणाच्या पोटात मोकळी जागा ठेवली: आत काय मांडायचं ते तुमचं तुम्ही मांडा; दाबणं, फोकस, अडकलेली अवस्था, कीबोर्ड आणि स्क्रीनरीडर एवढं आम्ही बघू. नाराजी झाली. “ताई, आधीचं सोपं होतं की.” आधीचं मागणाऱ्याला सोपं होतं. पण त्या दिवसानंतर बटणावर वाद आला नाही.

लायब्ररी बाहेर, सगळ्यांसाठी, प्रसिद्ध करायची ठरली तेव्हा कोडपेक्षा कागदपत्रांनी जास्त वेळ घेतला. क्लायंटच्या पैशांतून लिहिलेला कोड कुणाच्या मालकीचा? करारांत बहुतेक ठिकाणी क्लायंटच्या. त्यामुळे भाषेचं आणि सीएसएसचं पॅकेज बाहेर जाईल, आणि कंपोनंटपैकी जे कंपनीच्या वेळेत पुन्हा लिहिले तेवढेच जातील, अशी वाटणी झाली. “फुकट का द्यायचं?” हा प्रश्न मीटिंगमध्ये आलाच. मी फ्रॅपेचं उदाहरण दिलं. त्यावर उत्तर आलं की त्यांचा धंदा वेगळा, त्यांचं सॉफ्टवेअर लोकांनी वापरावंच लागतं. ते खरं होतं. शेवटी पटला तो मुद्दा वेगळाच: नोकरीसाठी येणाऱ्या मुलांना आपला कोड आधीच वाचता येईल. परवाना एमआयटी ठेवला, कारण तो अर्ध्या पानाचा आहे आणि वकिलांना वाचून दाखवता येतो.

प्रसिद्ध करण्याची आज्ञा दोन शब्दांची आहे. त्याच्या आधीची तयारी मात्र शिकण्यासारखी. पॅकेज खरोखर कसं बांधलं जाईल ते आधी स्वतःच्याच मशीनवर गुंडाळून पाहता येतं. आमच्या पहिल्या गुंडाळीत चाचण्यांचे फोटो, कुणाच्या तरी खासगी नोंदी आणि एका क्लायंटचा लोगो निघाला. मग काय जाऊ द्यायचं नाही याऐवजी फक्त काय जाऊ द्यायचं याची यादी केली. दुसरं म्हणजे शेजारच्या फोल्डरला जोड देऊन चाचणी घेतली की सगळं चालतंय असंच वाटतं, कारण तुमच्याकडचं सगळं सामान तिथं आयतंच हाताशी असतं. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये, गुंडाळलेली फाईल बसवूनच पाहायला हवं. रिअ‍ॅक्ट स्वतःच्या पॅकेजमध्ये बांधून पाठवायचं नाही, वापरणाऱ्याचं वापरायचं, हेही तिथंच कळतं. नाहीतर एका पानावर दोन रिअ‍ॅक्ट नांदायला लागतात आणि हुक चुकीच्या जागी वापरला असा भलताच संदेश येतो. तो संदेश वाचून माणूस आपल्या कोडमध्ये दिवसभर हुक शोधत बसतो.

मार्च २०१६ मधलं लेफ्ट-पॅड प्रकरण आमच्या पिढीच्या सगळ्यांना आठवतं. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरणारं अकरा ओळींचं पॅकेज. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून झालेल्या भांडणात त्याच्या लेखकाने आपली सगळी पॅकेजं एनपीएम या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावरून काढून घेतली आणि जगभरचे बिल्ड धडाधड कोसळले. त्यानंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्यावर कडक अटी घातल्या. मला यातून कळलं ते असं की एकदा बाहेर गेलेली वस्तू तुमच्या हाती उरत नाही. तुम्ही नुसते तिच्या नावाचे राखणदार. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम हेच अधिक खोचक रीतीने सांगतो: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही न दिलेल्या वचनावरही कुणीतरी अवलंबून असतंच. आम्ही एकदा चुकीच्या रकान्याच्या कडेचा लाल रंग किंचित गडद केला, कमी दिसणाऱ्यांना वाचता यावं म्हणून. आवृत्तीचा शेवटचा आकडा वाढवला, म्हणजे ‘निर्धास्त घ्या’. तिकडे एका अनोळखी टीमच्या चाचण्या पानाचे फोटो काढून ताडून पाहणाऱ्या होत्या. त्या सगळ्या पडल्या. त्यांचं पत्र चिडलेलं पण सभ्य होतं. रंग आम्ही मागे घेतला नाही. त्या दिवसापासून दिसण्यातला बदल मधला आकडा वाढवूनच पाठवतो, आणि बदलांच्या नोंदीत त्याला वेगळं शीर्षक असतं.

नोंदी आणि माहितीपुस्तिका याबद्दल इतकंच म्हणेन की आमची पहिली पुस्तिका माहितगारांसाठी होती आणि ती कुणी वाचली नाही. घाटकोपरहून येणाऱ्या एका नव्या मुलाला बसवलं, तोंड बंद ठेवून मागे उभी राहिले आणि तो कुठे अडतो ते लिहून घेतलं. तीच दुसरी पुस्तिका.

मालकीचा प्रश्न अचानक समोर आला. एनपीएमवरचं पॅकेज ज्या सहकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर होतं तो दुसरीकडे रुजू झाला. राग-लोभ काही नव्हता, पण तातडीची दुरुस्ती पाठवायची होती आणि ओटीपी त्याच्या फोनवर, फोन विमानात. तो उतरेपर्यंत चार प्रोजेक्टांचे लोक माझ्या टेबलाभोवती. दुसऱ्याच दिवशी संस्थेचं खातं काढलं, दोन मालक ठेवले. त्यानंतर काही काळाने एका अनोळखी माणसाचं सौजन्यपूर्ण पत्र आलं: तुम्हाला वेळ होत नसेल तर पॅकेज मी सांभाळतो. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या लोकप्रिय पॅकेजचं असंच झालं होतं. थकलेल्या लेखकाने मदतीला आलेल्या माणसाला किल्ल्या दिल्या आणि त्याने आभासी चलनाची पाकिटं लुटणारा कोड आत सोडला. पत्र लिहिणारा कदाचित भला माणूस असेल. आम्ही त्याला दुरुस्त्या पाठवायला सांगितलं, किल्ली दिली नाही. दुरुस्ती काही आली नाही.

सध्या वारं पुन्हा फिरलं आहे. २०२३ पासून शॅडसीएनसारख्या संचांनी कंपोनंट बसवण्याऐवजी त्यांचा कोड सरळ आपल्या प्रोजेक्टमध्ये उतरवून घ्यायची रीत रूढ केली, आणि नव्या मुलांना ती आवडते. ज्या कॉपी-पेस्टच्या त्रासातून आम्ही लायब्ररी काढली तीच पुन्हा, फक्त नीटनेटकी. मला त्याचं वाईट वाटत नाही. बटण, चौकट, खिडकी हे प्रत्येकाने आपलं घ्यावं आणि आपल्याला हवं तसं कापावं. आमच्या रिअ‍ॅक्टच्या पॅकेजला आम्ही नव्या गोष्टी घालणं थांबवलं आहे. भाषेच्या पॅकेजचं तसं नाही. कुऱ्हाड्यांच्या दोन घराण्यांचा गुंता प्रत्येकाने नव्याने का सोडवायचा?

त्यातलाही एक भाग आता निवृत्तीला आलाय. नावाचं पहिलं अक्षर काढायला आम्ही जोडाक्षरं ओळखणारा बराच कोड लिहिला होता. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षर मधून न तोडण्याचा नियम आला, आणि नव्या ब्राउझरांना आता ‘ज्ञा’ अख्खा उचलता येतो. जुन्या फोनांवर अजून नाही. आम्ही त्या फंक्शनवर ‘वापर थांबवा’ अशी सूचना लावली, तरी ते रोज कुठे ना कुठे उतरवून घेतलं जातं. पुढच्या मोठ्या आवृत्तीत ते काढून टाकायचं आहे. पण त्याआधी बोरिवलीच्या पतसंस्थेचे काउंटरवरचे जुने संगणक बदलायचे आहेत; मार्चअखेरचा हिशेब उरकल्याशिवाय त्यांना कुणी हात लावू देणार नाही, म्हणून तारीख एप्रिलनंतरची धरली आहे.